नॉर्डिक जॅझच्या मैफलीत नेमकं ऐकायचं काय?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याचे, कामानिमित्त काही महिने ऑस्लोत आहात, शास्त्रीय संगीत लहानपणापासून ऐकत आलात. ऑफिसातल्या सहकाऱ्याने तुम्हाला एका क्लबात समकालीन नॉर्डिक (नॉर्वे-स्वीडनसारख्या उत्तर युरोपी देशांतल्या) जॅझच्या कार्यक्रमाला नेलं. पहिला सेट बरा गेला. दुसऱ्यात ट्रम्पेटवाला बराच वेळ सूर न लावता नुसता श्वास फुंकत राहिला, ड्रमर सिंबलच्या कडेवर गज ओढत होता, बेसवाला तर मध्येच हात खाली सोडून उभा राहिला. आणि संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट! तुमचा प्रश्न: "मलाच कान नाही, की हे सगळे मिळून एकमेकांना बनवताहेत? पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आहे. जावं का? आणि गेलोच तर ऐकायचं काय?"

मी मूळची नाशिकची. इथल्या क्लबांत आणि महोत्सवांत लाइव्ह साउंडचं काम करते. मी समीक्षक नाही, वादकही नाही. पण साउंडचेकपासून रात्री केबली गुंडाळेपर्यंत या मंडळींबरोबर असते, आणि स्टेजवर कोण कोणाचं ऐकतंय हे मिक्सरमागून फार स्वच्छ दिसतं. तिथूनच उत्तर देते.

कान नसण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. जो माणूस विलंबित ख्याल तासभर बसून ऐकतो, त्याला जागच्या जागी सुचणारं संगीत नवीन नाही आणि धीर धरायला शिकवायचीही गरज नाही. तुमची अडचण दुसरीच दिसते. तुम्ही त्या सेटमध्ये सुरावट कधी सुरू होते याची वाट पाहत बसलात. ती येणारच नव्हती. वाट पाहण्यात जे समोर चाललं होतं ते निसटलं, आणि घरी जाताना हाती काही लागलं नाही. बहुतेक नव्या श्रोत्यांचं हेच होतं, आणि त्यात आपल्याकडचे जाणकार श्रोते जास्त अडकतात, कारण त्यांची अपेक्षा जास्त पक्की असते.

आता यातलं बरंचसं त्या रात्री नेमकं कोण वाजवत होतं यावर अवलंबून आहे. 'नॉर्डिक जॅझ' ही एकच पाटी, पण तिच्याखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गोष्टी येतात. एक घराणं शांत, गाण्यासारखं, लोकधुनांकडे झुकलेलं. स्वीडनच्या यान योहानसनने 1964 साली नुसत्या पियानो आणि बेसवर स्वीडिश लोकगीतं वाजवली, तो अल्बम तिकडच्या घराघरांत पोचला; आजही पियानो ट्रिओ ऐकताना तो धागा हाताला लागतो. दुसरं घराणं 1990 नंतरचं: बुगे वेसेलटॉफ्ट, निल्स पेटर मोल्वेर ही नॉर्वेजियन मंडळी. यांनी क्लबांतले इलेक्ट्रॉनिक ठेके आणि जॅझ एकत्र आणले. मोल्वेरचा 1997 चा 'ख्मेर' हा त्यातला मैलाचा दगड. तिसरं घराणं म्हणजे अंगावर येणारा जोर. स्वीडिश सॅक्सोफोनवादक माट्स गुस्ताफसोन आणि दोन नॉर्वेजियन साथीदारांचं 'द थिंग' ज्यांनी समोर उभं राहून ऐकलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तिथे सूर छातीवर आदळतो. आणि चौथं म्हणजे तुम्ही ऐकलंत ते: ठरवून काहीच न आणता, अगदी बारीक आवाजांतून उभं केलेलं मुक्त वादन. क्लबवाले एका संध्याकाळी दोन वेगळे संच ठेवतात तेव्हा यातले दोन टोकांचे प्रकार शेजारी येतात. तुमच्या वर्णनावरून पहिला सेट पहिल्या घराण्याचा आणि दुसरा चौथ्याचा असावा. तसं असेल तर दोन्ही एकाच कानाने ऐकणं जमणारच नव्हतं.

इथे हमखास एक सल्ला मिळतो: "आलापासारखं ऐका." मला तो अर्धाच पटतो. संथपणा, घाई नसणं, एकेका आवाजाला वेळ देणं, इथपर्यंत ठीक. पण आलापात राग आधीच ठरलेला असतो. गायक गंधारावर आला की पुढे कुठे जाऊ शकतो आणि कुठे जाणारच नाही, हे तुम्हाला माहीत असतं. आनंद त्या चौकटीतल्या वाटा पाहण्याचा आहे. मुक्त वादनात चौकटच मुळी समोर तयार होते, आणि ती एकजण नाही, तिघं-चौघं मिळून करतात. प्रमुख कलाकार आणि साथीदार हा भेदही तिथे पातळ होतो. बेस म्हणजे तळाला राहणारं वाद्य, ड्रम म्हणजे ताल धरणारं वाद्य, ही गृहीतं दाराबाहेर ठेवायची.

मग पकडायचं काय? पहिली गोष्ट, आवाजाचा पोत. ट्रम्पेटवाल्याची फुंकर घ्या. साउंडचेकला असा वादक माझ्याकडे येऊन सांगतो, "गेन वाढव, मी भोंग्यातून माइक जवळजवळ आत घेणार आहे." एवढा गेन (माइकची संवेदनशीलता) वाढवला की व्हॉल्व्हची टिकटिक, ओठ सुटल्याचा आवाज, नळीतून जाणारी हवा, सगळं ऐकू येतं, पहिल्या रांगेतली खुर्ची कुरकुरली तरी तीही स्पीकरमधून येते. हे सगळं अपघाताने होत नाही. त्याने हवेचे चार-पाच प्रकार घोटलेले असतात: ओठ बंद ठेवून सोडलेली, दातांतून सोडलेली, अर्धा व्हॉल्व्ह दाबून सोडलेली, आणि जिच्यात कुठेतरी आत सूर दडलाय अशी. नॉर्वेजियन ट्रम्पेटवादक आर्वे हेन्रिक्सन हे यातलं मोठं नाव. जपानी शाकुहाची बासरीची टेप हाती आली आणि त्याचा ट्रम्पेटचा नादच बदलला. आता डोळे मिटून ऐकलं तर ट्रम्पेट आहे हे सांगावं लागतं. बासरीत फुंकेचा खर (हवेची खरखर) मुद्दाम ठेवणारे वादक तुम्ही ऐकले असतीलच. इथे तो खर पुढे येतो आणि सूर मागे राहतो.

सिंबलवरच्या गजाचंही तेच. व्हायोलिनचा किंवा बेसचा गज कडेवर उभा ओढला की काठी मारल्यावर कधी न येणारे वरचे स्वरांश एकेक करून सुटे होतात. गजाचा दाब आणि जागा जराशी बदलली की स्वर बदलतो. पुढच्या वेळी ड्रमरचा दुसरा हात बघा: तो बहुतेक वेळा सिंबल वरून हलकेच धरून नको असलेला नाद दाबत असतो. स्नेअर ड्रमवर टॉवेल, कातड्यावर ठेवलेली साखळी, उपडी ठेवलेली छोटी वाटी, हे सगळं एकाच कामासाठी, वाद्याच्या नेहमीच्या आवाजातून सुटका.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: निर्णय ऐका. दर काही सेकंदांनी स्टेजवर कोणीतरी काहीतरी ठरवतंय. सुरू करू? थांबू? याच्या मागे जाऊ, की याच्या विरुद्ध काही ठेवू? की काहीच न वाजवता उभं राहू? तुमचा तो हात खाली सोडलेला बेसवादक कंटाळला नव्हता. माझा अंदाज सांगते: ट्रम्पेटच्या फुंकेखाली बेसचा एकही खर्ज आला असता तर ऐकणाऱ्याच्या मनात लगेच 'षड्ज' पक्का झाला असता, आणि ती फुंकर त्या षड्जाच्या अंमलाखाली गेली असती. न वाजवून त्याने ट्रम्पेटला मोकळं ठेवलं. हा अंदाज चुकीचाही असेल, मी तिथे नव्हते. पण असा विचार वादकांच्या बोलण्यात रोज येतो. एकदा तुम्ही "याने हे आत्ताच का केलं?" असा प्रश्न मनात ठेवून बसलात की वेळ कसा गेला ते कळत नाही.

हे निर्णय सगळ्यात उघडे पडतात ते शेवटी. लिहिलेल्या संगीताचा शेवट कागदावर असतो, तिहाईचा शेवट समेवर. इथे शेवट कोणाच्याच हातात नसतो. माझा हात त्या वेळी फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) असतो, म्हणून मला तो क्षण सवयीने ओळखता येतो. ट्रम्पेट खाली येतो. बेसची तार अजून वाजते आहे, कमी होत चालली आहे. ड्रमरच्या हातात काठी उचललेली आहे. आता तो मारणार का? चांगला ड्रमर तार पूर्ण विझेपर्यंत काठी तशीच हवेत धरतो आणि मग सावकाश मांडीवर ठेवतो. झालं. तो तुकडा तिथे संपला, आणि तिघांनाही एकाच क्षणी कळलं. सवयीचा नसलेला ड्रमर मात्र त्या शांततेला घाबरतो आणि एक टुणकी मारतो. मग बेसवाल्याला काहीतरी करावं लागतं, ट्रम्पेट पुन्हा वर जातो, आणि संपलेला तुकडा आणखी पाच मिनिटं ओढत नेला जातो. हे ऐकू यायला संगीतशास्त्र लागत नाही.

यातूनच तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर निघतं. बनवाबनवी आहे का? कधीकधी आहे! निदान आळस तरी. मुक्त वादन फसू शकतं, आणि ते फसतं तेव्हा प्रेक्षक सभ्यपणे टाळ्या वाजवतात, त्यामुळे नवख्याला वाटतं हेही भारीच असेल. माझ्या खुणा सांगते. एकजण मोठ्याने वाजवायला लागला की सगळेच मोठ्याने, एकजण हळू झाला की सगळेच हळू, असं प्रत्येक वेळी होत असेल तर ते ऐकणं नाही, मेंढरांसारखं मागे जाणं आहे. कोणी पेडलवर लूप (पुन्हापुन्हा वाजत राहणारा तोच तुकडा) लावून त्यावरच विसंबून राहिलाय आणि बाकीचे त्या लूपचे कैदी झालेत, हेही नेहमीचं. प्रत्येक तुकडा शांततेतून उठून गोंगाटात जातो आणि पुन्हा शांततेत येतो, हा आकार तर इतका गुळगुळीत झालाय की तो दिसला की मी मनात जांभई देते. उलट, जिथे दोन वादक वेगवेगळ्या गतीने चालूनही एकमेकांना ढकलत नाहीत, जिथे कोणीतरी अनपेक्षित जागी थांबतं आणि बाकीच्यांना त्याची दखल घ्यावी लागते, तिथे काहीतरी खरं चाललंय.

'सुपरसायलेंट' हा नॉर्वेजियन गट या बाबतीत टोकाचा. 1997 साली जमले, आणि नियमच केला: तालीम करायची नाही, काय वाजवायचं यावर बोलायचं नाही, भेटायचं ते फक्त स्टेजवर किंवा स्टुडिओत. तुकड्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. हे ऐकून वाटेल की सगळं नशिबावर. पण इतकी वर्षं एकत्र वाजवल्यावर एकमेकांच्या सवयी ठाऊक होतात, आणि त्यांच्यापुढचा खरा प्रश्न त्या सवयींना बळी कसं पडायचं नाही हा असतो.

नॉर्वेतच हे इतकं का, असंही कोणी विचारेल. थोडक्यात सांगते. 1960 च्या दशकात अमेरिकेचा जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल स्कँडिनेव्हियात येऊन राहिला, आणि सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक वगैरे विशी-पंचविशीतली पोरं त्याच्या हाताखाली वाजवून गेली. अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरीने पुढे दक्षिण स्वीडनमध्ये एका जुन्या शाळेत घर केलं. इथल्या मुलांना आपल्याच लोकसंगीताकडे वळून बघायला लावण्यात त्याचा मोठा वाटा. 1969 साली म्युनिकमध्ये ईसीएम ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली आणि तिने ऑस्लोतल्या रेकॉर्डिंगांतून हे संगीत जगभर नेलं. 1979 मध्ये नॉर्वेतल्या त्रॉनहाइमच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) जॅझचा अभ्यासक्रम आला. तिथे कानाने शिकणं आणि स्वतःचा आवाज शोधणं यांवर भर. आज स्टेजवर दिसणाऱ्यांतले निम्मे तरी तिथून आलेले असावेत असं कधीकधी वाटतं. आणि सरकारी अनुदान. ते नसतं तर चाळीस लोकांसमोर फुंकर मारून घरभाडं कोणी दिलं असतं?

ईसीएमवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अनेकांची क्लबात निराशा तिथून होते. हेडफोनवर गार्बारेक ऐकून येणाऱ्यांना तो प्रचंड, गार, लांबवर पसरलेला अवकाश हवा असतो. तो अवकाश बहुतांशी यान एरिक कोंग्सहाउग या अफलातून रेकॉर्डिंग इंजिनिअरने स्टुडिओत कृत्रिम रिव्हर्बने (घुमाऱ्याने) घडवलेला आहे. गार्बारेकच्या 'ऑफिशियम'सारखी रेकॉर्डिंगं खरोखर मठात झाली, पण तो अपवाद. आता इथले क्लब बघा. ऑस्लोतल्या कार्ल योहान्स रस्त्यावरचं व्हिक्टोरिया हे जुन्या सिनेमागृहातलं जॅझचं ठिकाण. तिथे गाद्यांच्या खुर्च्या, माणसं, कोट, सगळं आवाज शोषून घेतं. आकेर नदीकाठचा ब्लो तर बहुतेकदा उभ्याने ऐकायचा क्लब, मागे बार. तिथे मी कितीही रिव्हर्ब घातला तरी देऊळ होणार नाही, आणि मी घालतही नाही. क्लबात मिळतं ते जवळून ऐकणं. बर्फ, फ्योर्ड, एकांत वगैरे जाहिरातीतली भाषा विसरून जा. यातल्या बऱ्याच वादकांना तिचा वैताग येतो.

तुमच्यासाठी एक दार मात्र अगदी ओळखीचं आहे. 1986 च्या डिसेंबरात ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि यान गार्बारेक यांनी 'मेकिंग म्युझिक' हा अल्बम रेकॉर्ड केला. आणि तालवादक त्रिलोक गुर्टू, शोभाताई गुर्टूंचा मुलगा, मुंबईत वाढलेला, पुढे गार्बारेकच्या गटातून वर्षानुवर्षं वाजवत आला. त्रिलोकच्या 1988 च्या 'उस्फ्रेत' अल्बममध्ये शोभाताईंचा आवाज, डॉन चेरीचा ट्रम्पेट आणि स्वीडनच्या योनास हेलबोर्गचा बेस एकत्र ऐकायला मिळतो. ठुमरीतला आवाज ओळखीचा, बाकी सगळं अनोळखी. तुमच्या कानाला सुरुवात करायला यापेक्षा बरी जागा मला सुचत नाही. आणखी एक, कधी हार्डांगर फिडल (नॉर्वेजियन लोकसंगीतातलं व्हायोलिन) असलेला कार्यक्रम दिसला तर सोडू नका. त्या फिडलला खाली चार-पाच तरफेच्या तारा असतात, सारंगीसारख्याच झंकारतात. ते वाजवणाऱ्या निल्स ओकलानचं नाव लक्षात ठेवा.

आता जायचं ठरवलंत तर काही व्यवहाराच्या गोष्टी. शांत वादन असेल तर पुढे बसा, स्टेजपासून चार-पाच रांगांत. अर्धं संगीत डोळ्यांनी कळतं, आणि बारीक आवाज थेट वाद्यातूनच ऐकलेला चांगला. जोरकस वादन असेल तर मागे, मिक्सरच्या आसपास उभे राहा. आम्ही तिथे ऐकूनच आवाज बसवतो, त्यामुळे तोल तिथे सगळ्यात बरा असतो. इअरप्लग खिशात ठेवा, नसतील तर बारवर मागा. लाजू नका, वादकसुद्धा घालतात.

दाद देण्याचं म्हणाल तर आपली 'वाहवा' आत ठेवा. नेहमीच्या जॅझमध्ये सोलो संपला की टाळी पडते. मुक्त वादनात ती शेवटीच. संपलं का ते कळत नसेल तर वादकांचे हात बघा, ते वाद्यावरून खाली येईपर्यंत थांबा. बोलणं मात्र अजिबात नाही. शांत तुकड्यात बारवर ग्लासात बर्फ टाकला तरी इथे माना वळतात. मध्येच निघावंसं वाटलं तर बिनधास्त निघा, फक्त दोन तुकड्यांच्या मध्ये किंवा मध्यंतरात. कोणी वाईट वाटून घेत नाही, निदान मी तरी कोणाला वाईट वाटलेलं पाहिलं नाही.

अभ्यास करून जाऊ नका, एवढं ऐकाच. आदल्या रात्री त्या वादकांचे चार अल्बम ऐकलेत तर तुम्ही तेच शोधत बसाल, आणि ते येणार नाही. मग पुन्हा वाट पाहणं सुरू. त्याऐवजी एक साधी युक्ती: पहिला संपूर्ण तुकडा एकाच वादकाला चिकटून राहा. शक्यतो बेस, कारण तो सगळ्यांचं ऐकत असतो. तो कधी शिरतो, कधी बाहेर पडतो, कोणाकडे बघतो. दुसऱ्या तुकड्यात माणूस बदला. तिसऱ्यापासून आपोआप सगळं एकत्र ऐकू यायला लागतं, किंवा येत नाही. नाही आलं तर त्या रात्रीचं वादनही तितकंसं जुळलेलं नसेल, ही शक्यता खुशाल गृहीत धरा. मध्यंतरात सहकाऱ्याला "आवडलं का?" विचारण्यापेक्षा "दुसऱ्या तुकड्यात ड्रमर का थांबला असेल?" असं विचारा. नॉर्वेजियन माणूस एरवी फार बोलत नाही, पण या प्रश्नावर बोलतो.

पुढच्या आठवड्यात कोण वाजवणार आहे आणि कुठल्या क्लबात, ते इथे लिहिलंत तर पुढे बसायचं की मागे, आणि इअरप्लग लागतील का, हे नेमकं सांगू शकेन.